कॅसिनोत जिंकलेल्या पैशांचा कर: टीडीएसनंतर काय उरते, आयटीआर कसा भरायचा, कोणते कागद जपायचे

कॅसिनोत मोठी रक्कम लागते, देताना तीस टक्के कापले जातात, उरलेले पैसे खात्यात येतात आणि खेळणारा समजतो की कराचे काम झाले. ते झालेले नसते. टीडीएस, म्हणजे पैसे देणाऱ्याने आधीच कापलेला कर, तीस टक्क्यांनी कापला जातो, पण निवासी व्यक्तीला त्यावर चार टक्के आरोग्य व शिक्षण उपकरही द्यायचा असतो, म्हणजे प्रत्यक्ष दर ३१.२ टक्के. एक लाखाच्या जॅकपॉटवर ३०,००० कापले गेले तरी १,२०० रुपये उरतात, ते आपल्याला स्वतः भरावे लागतात. शिवाय रिटर्न वेगळ्या फॉर्ममध्ये जाते, हरलेले पैसे कुठेच धरता येत नाहीत आणि पगारावर मिळणारी करसवलतही हातची जाऊ शकते.

महाराष्ट्रात कॅसिनो नाहीत. १९७६ सालचा राज्याचा कॅसिनो कायदा कधी अंमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्दही झाला. त्यामुळे आपल्याकडची माणसे खेळायला जातात ती गोव्यात, मांडवीतल्या बोटींवर किंवा हॉटेलांतल्या कॅसिनोंत, नाहीतर सिक्कीमला. प्राप्तिकर केंद्राचा असल्याने राज्य कोणते याने फरक पडत नाही. पुढची माहिती २०२५-२६ या आर्थिक वर्षाची, म्हणजे १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याप्रमाणे आहे. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा लागू होतो आणि त्यात कलमांचे क्रमांक बदलतात. २०२५-२६ चे रिटर्न मात्र २०२६ मध्ये भरले तरी जुन्याच कायद्याने भरायचे असते.

जिंकले म्हणजे नेमके किती?

लॉटरी, शर्यती, पत्ते, जुगार आणि पैजा यांतली जीत कलम २(२४)(९) खाली उत्पन्न ठरते आणि ‘इतर स्रोतांपासूनचे उत्पन्न’ या शीर्षाखाली येते. कलम ११५बीबी त्यावर सरसकट ३० टक्के कर लावते. कलम ५८(४) सांगते की हे उत्पन्न मिळवण्यासाठी केलेला कोणताही खर्च वजा होणार नाही. बोटीचे प्रवेश पॅकेज, प्रवास, हॉटेल, चिप्स घेताना भरलेला जीएसटी, यांतले काहीही वजा करता येत नाही. जीएसटीचा बोजा लहान नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून चिप्सच्या पूर्ण दर्शनी रकमेवर २८ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. तरीही प्राप्तिकराच्या हिशेबात तो शून्य धरायचा.

हरलेल्या पैशांचेही तसेच. जानेवारीत ८०,००० जिंकले आणि फेब्रुवारीत १,१०,००० हरले, तर वर्षअखेरीस खिशातून ३०,००० गेलेले असतात. रिटर्नमध्ये मात्र ८०,००० दाखवून २४,९६० रुपये कर द्यावा लागतो. फेब्रुवारीचा तोटा जानेवारीच्या जितीतून वळता होत नाही, पगारातून होत नाही, पुढच्या वर्षी ओढताही येत नाही. हे अन्यायकारक वाटते आणि ते वाटणे स्वाभाविक आहे, पण कायद्याचे शब्द इथे स्पष्ट आहेत. त्यामुळे ‘एकूण तोटाच झाला, मग दाखवायचे काय’ हे उत्तर नोटिशीला चालत नाही.

स्लॉट मशीनच्या जॅकपॉटला किंवा सोडतीच्या बक्षिसाला एक ठरावीक आकडा असतो, तोच दाखवायचा. अडचण टेबलावरच्या खेळांची आहे. रूलेटमध्ये लाल रंगावर ५,००० लावले आणि १०,००० परत आले, तर त्यातले पाच हजार आपलेच होते, जीत पाच हजारांची. पुढच्या फेरीत तेच पाच हजार गेले तर हाती काही उरत नाही, पण कायद्याच्या अक्षरानुसार पहिल्या फेरीची जीत पुसली जात नाही. टेबलावरच्या खेळांसाठी हिशेबाचे ठरावीक सूत्र कायद्यात नाही आणि प्रत्येक डावाची नोंद ठेवणे माणसाच्या आवाक्याबाहेरचे आहे. आमचे मत असे: एका टेबलावरच्या एका बैठकीची नोंद वेगळी ठेवावी, तीच पद्धत वर्षभर पाळावी आणि रक्कम मोठी असेल तर रिटर्नआधी ती पद्धत सीएला दाखवून घ्यावी. वेगवेगळ्या दिवसांचे किंवा वेगवेगळ्या फेऱ्यांचे हरणे-जिंकणे एकत्र करून निव्वळ आकडा दाखवू नये. तपासणीत असा आकडा टिकणे कठीण आहे.

टीडीएस कापला नाही म्हणजे कर नाही, असे नसते

कलम १९४बी प्रमाणे १०,००० रुपयांपेक्षा जास्त जितीवर देणाऱ्याने टीडीएस कापायचा असतो. २०२३-२४ आणि २०२४-२५ या वर्षांत ही मर्यादा वर्षभराच्या बेरजेला होती. १ एप्रिल २०२५ पासून ती एका व्यवहाराला आहे. म्हणजे पाच वेळा ९,५०० जिंकले तर एक रुपयाही कापला जाणार नाही, पण ४७,५०० रुपये करपात्र आहेत आणि त्यावर १४,८२० रुपये कर होतो. टेबलावरच्या जितीवर टीडीएस दिसला नाही तरी कर भरायची जबाबदारी जिंकणाऱ्याचीच राहते.

मूळ करमुक्त मर्यादेचा फायदाही या उत्पन्नाला मिळत नाही. विद्यार्थी असो की गृहिणी, दुसरे काहीच उत्पन्न नसले तरी जितीच्या पहिल्या रुपयापासून ३१.२ टक्के. बँकेच्या व्याजासाठी देतो तसा १५जी किंवा १५एच फॉर्म इथे चालत नाही. जुन्या करप्रणालीतली ८०सी सारखी वजावटही या रकमेतून होत नाही. आणि वर्षभरात नावावर कापलेला एकूण टीडीएस आणि टीसीएस (विक्रेत्याने आपल्याकडून वसूल केलेला कर) मिळून २५,००० किंवा जास्त असेल (ज्येष्ठ नागरिकांसाठी ५०,०००), तर उत्पन्न कितीही कमी असले तरी रिटर्न भरणे सक्तीचे आहे.

कॅसिनोतून निघताना

नंतर मागितलेला कागद क्वचित मिळतो. त्यामुळे कॅश काउंटर सोडण्यापूर्वी तीन गोष्टी हातात हव्यात: चिप्स विकत घेतल्याचे जीएसटी बिल, चिप्स परत दिल्याची किंवा जॅकपॉट मिळाल्याची पावती आणि टीडीएस कापला असेल तर त्याचा आकडा त्या पावतीवर लिहिलेला. पावतीवर आपले नाव आणि पॅन बरोबर आहेत का ते तिथेच वाचावे. पॅन दिला नाही तरी दर तीस टक्केच राहतो, पण कापलेली रक्कम आपल्या नावावर दिसत नाही आणि कर दुसऱ्यांदा भरायची वेळ येते.

बिलावर कंपनीचे कायदेशीर नाव असते, ते टिपून घ्या. बोटीवरच्या पाटीचे नाव आणि टीडीएस भरणाऱ्या कंपनीचे नाव वेगळे असू शकते. जूनमध्ये २६एएस, म्हणजे आपल्या पॅनवर जमा झालेल्या कराचे विवरण, उघडल्यावर अनोळखी कंपनी दिसते आणि माणूस घाबरून ती नोंद ‘माझी नाही’ म्हणून नाकारतो. हा गोंधळ त्या बिलाने टळतो.

मित्रांचा गट असेल तर सगळ्यांच्या चिप्स एकाने वटवू नयेत. टीडीएस त्याच्या पॅनवर जातो, उत्पन्नही त्याचेच धरले जाते आणि बाकीच्यांना दिलेले पैसे समजावत बसावे लागते. प्रत्येकाने आपल्या ओळखपत्रावर आपल्याच चिप्स वटवाव्यात.

रक्कम मोठी असेल तर बँक ट्रान्सफरच मागा. कलम २६९एसटी प्रमाणे एका व्यक्तीकडून एका दिवसात, एका व्यवहारात किंवा एकाच प्रसंगाशी संबंधित व्यवहारांत २ लाख किंवा जास्त रोख घेता येत नाही आणि दंड घेणाऱ्याला होतो, घेतलेल्या रकमेइतकाच. अडीच लाख रोख घेतले तर अडीच लाख दंड.

रोखीचा दुसरा धोका बँकेत सुरू होतो. एका दिवसात ५०,००० हून जास्त रोख भरताना पॅन लागतो आणि बचत खात्यात वर्षभरात १० लाख किंवा जास्त रोख जमा झाली की बँक ते प्राप्तिकर खात्याला कळवते. ‘हे कॅसिनोत जिंकले’ एवढे म्हणून भागत नाही. पावती नसेल तर ती रक्कम कलम ६९ए खाली स्पष्टीकरण नसलेले उत्पन्न ठरू शकते. त्यावर ११५बीबीई प्रमाणे ६० टक्के कर, त्यावर २५ टक्के अधिभार आणि उपकर मिळून ७८ टक्के होतात. एका पावतीमुळे ७८ ऐवजी ३१.२ टक्के द्यावे लागतात. उलट बाजूनेही ध्यानात ठेवावे: कॅसिनो हे मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली नोंदी ठेवायला बांधील असलेले व्यवसाय आहेत. तुम्ही किती रोख आणली आणि किती नेली याच्या नोंदी त्यांच्याकडेही असतात.

नोंदवही

साधी एक्सेल शीट किंवा वही पुरते. प्रत्येक भेटीला तारीख, कंपनीचे नाव, खेळ, टेबल किंवा मशीनचा क्रमांक, किती पैशांच्या चिप्स घेतल्या आणि कशाने (रोख, यूपीआय, कार्ड), किती वटवल्या, टीडीएस किती, पैसे कसे मिळाले आणि बँक ट्रान्सफरचा यूटीआर क्रमांक. पॅकेजसोबत मिळणाऱ्या ओटीपी चिप्स, म्हणजे एकदाच खेळता येणाऱ्या, वटवता न येणाऱ्या चिप्स, वेगळ्या रकान्यात. त्या मिसळल्या की घेतलेल्या आणि परत केलेल्या चिप्सचा मेळ बसत नाही. नोंद त्याच रात्री करावी. आठवड्याने आठवणीतून लिहिलेले आकडे यूपीआयच्या नोंदींशी जुळत नाहीत, आणि न जुळणारी वही नसलेल्या वहीपेक्षा जास्त नुकसान करते.

हरलेल्या भेटींचीही नोंद ठेवा. तो तोटा वजा होणार नाही हे खरे, पण ‘खात्यातून काढलेले तीन लाख कुठे गेले’ या प्रश्नाला तीच नोंद उत्तर देते.

रिटर्नआधी मेळ घालणे

जानेवारी ते मार्च या तिमाहीचे टीडीएस विवरण भरायची मुदत ३१ मे असते आणि फॉर्म १६ए, म्हणजे टीडीएस कापल्याचे प्रमाणपत्र, त्यानंतर पंधरा दिवसांत मिळायला हवा. म्हणून जूनच्या मध्याआधी रिटर्न भरायची घाई करू नये. प्राप्तिकर पोर्टलवर २६एएस आणि एआयएस (वर्षातल्या आर्थिक व्यवहारांचे विवरण) दोन्ही उतरवून घ्या, १९४बी च्या नोंदी शोधा आणि वहीशी एकेक ताडून पाहा.

इथे नेहमीची चूक म्हणजे हातात आलेली रक्कम उत्पन्न म्हणून दाखवणे. एक लाख जिंकले, सत्तर हजार मिळाले, तर उत्पन्न एक लाखच. सत्तर दाखवले आणि क्रेडिट तीस हजारांचे मागितले की संगणकाला फरक लगेच दिसतो.

पावतीवर टीडीएस आहे पण २६एएसमध्ये नाही, असे झाले तर कॅसिनोच्या अकाउंट्स विभागाला पॅन, तारीख आणि पावतीची प्रत जोडून ईमेल करा. त्यांना २६क्यू हे आपले टीडीएस विवरण दुरुस्त करून भरावे लागते. कापलेला कर पुन्हा तुमच्याकडून मागता येत नाही, असे कलम २०५ सांगते. पण तो कापल्याचा पुरावा तुमच्याकडे असायला हवा.

पगारदारांनी हे नीट वाचावे

नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत एकूण उत्पन्न असेल तर कलम ८७ए ची सूट मिळून कर शून्य होतो. ही सूट जितीवरच्या कराला लागू होत नाही, एवढे अनेकांना ठाऊक असते. पण जितीची रक्कम १२ लाखांच्या मोजणीत मात्र धरली जाते आणि खरा फटका तिथे बसतो.

प्रमाणित वजावट जाऊन पगाराचे उत्पन्न ८,२५,००० आणि जीत २,००,००० असेल तर एकूण १०,२५,०००. मर्यादेच्या आत. पगारावरचा २२,५०० कर सुटीने माफ होतो. जितीवर ६०,००० अधिक उपकर २,४००. टीडीएस ६०,००० गेलेला असेल तर उरतात २,४००.

आता पगाराचे उत्पन्न ११,००,००० आणि जीत ३,००,००० घ्या. एकूण १४ लाख. जीत नसती तर पगारावर कर शून्य होता. आता सूट गेली, पगारावर ५०,००० आणि जितीवर ९०,०००, त्यावर उपकर ५,६००, असे १,४५,६०० होतात. टीडीएस ९०,००० वजा जाता ५५,६०० भरायचे. नोकरीच्या ठिकाणी पगारावर कर शून्य धरलेला असतो, त्यामुळे हा आकडा जुलैमध्ये अंगावर येतो.

टीडीएस वजा जाता वर्षाचा कर १०,००० किंवा जास्त होत असेल तर आगाऊ कर भरावा लागतो. नुसत्या उपकराच्या फरकाचा विचार केला तरी सुमारे ८ लाख ३३ हजारांच्या जितीला ही मर्यादा गाठली जाते. जीत आधी कळत नाही हे कायदा मान्य करतो. ती मिळाल्यानंतरच्या उरलेल्या हप्त्यांत, किंवा हप्ता उरला नसेल तर ३१ मार्चपर्यंत कर भरला, तर हप्ते चुकल्याचे कलम २३४सी चे व्याज लागत नाही. ३१ मार्च उलटला की २३४बी चे दरमहा एक टक्का सुरू होते. पोर्टलवरच्या ई-पे टॅक्समध्ये आगाऊ करासाठी १०० आणि ३१ मार्चनंतर स्वयंनिर्धारण करासाठी ३०० हा कोड निवडायचा. दुसरा सोपा मार्ग म्हणजे कंपनीच्या पगार विभागाला हे उत्पन्न लेखी कळवणे, म्हणजे ते उरलेल्या महिन्यांच्या पगारातून जास्तीचा कर कापतात.

एकूण उत्पन्न ५० लाखांच्या वर गेले तर १० टक्के अधिभार लागतो, एक कोटीनंतर १५.

रिटर्न भरताना

आयटीआर-१ आणि आयटीआर-४ इथे चालत नाहीत. आयटीआर-२ घ्या, धंदा किंवा व्यवसाय असेल तर आयटीआर-३. ‘शेड्यूल ओएस’मध्ये विशेष दराच्या उत्पन्नाखाली ११५बीबी ची ओळ असते, पूर्ण रक्कम तिथेच भरा. ती ‘इतर कोणतेही उत्पन्न’ या ओळीत गेली तर स्लॅबने कर मोजला जातो आणि २६एएसमधल्या १९४बी शी विसंगती दिसून नोटीस येते. त्याच शेड्यूलच्या शेवटी तारखांप्रमाणे विभागणी मागतात: १५ जूनपर्यंत, १५ सप्टेंबरपर्यंत, १५ डिसेंबरपर्यंत, १५ मार्चपर्यंत आणि ३१ मार्चपर्यंत. हा तक्ता लोक घाईत एकाच रकान्यात भरतात आणि मार्चमधल्या जितीवर जूनपासूनचे व्याज ओढवून घेतात. वहीतल्या तारखा इथे कामाला येतात.

मग ‘शेड्यूल एसआय’ उघडून रकमेसमोर ३० टक्के दर आला आहे का ते पाहा. टीडीएसच्या शेड्यूलमध्ये १६ए च्या तक्त्यात क्रेडिट घ्या आणि उत्पन्नाचे शीर्ष ‘इतर स्रोत’ निवडा. उरलेला कर भरून चलनाचा तपशील जोडा, मगच रिटर्न दाखल करा. आयटीआर-२ ची मुदत साधारणपणे ३१ जुलै.

बक्षीस वस्तूत मिळाले तर

सोडतीत आठ लाखांची गाडी लागली तर किल्ली मिळण्याआधी कर भरला गेला आहे याची खात्री करणे बक्षीस देणाऱ्यावर बंधनकारक आहे. त्यासाठी ते तुमच्याकडून २,४०,००० मागतील. ते बरोबर आहे. मात्र पैसे बँकेतूनच द्या आणि चलनाची प्रत घ्या. रिटर्नमध्ये आठ लाख दाखवून उपकराचे ९,६०० वेगळे भरायचे असतात.

परदेशातली आणि ऑनलाइन जीत

भारतातल्या सर्वसाधारण निवासी व्यक्तीला जगभरच्या उत्पन्नावर इथे कर आहे. मकाऊ असो की लास वेगास, जीत रिटर्नमध्ये येते. अमेरिकेत परदेशी खेळाडूच्या स्लॉट जॅकपॉटवर ३० टक्के कापतात आणि फॉर्म १०४२-एस देतात. ब्लॅकजॅक, बॅकरा, क्रॅप्स आणि रूलेटवर मात्र कापत नाहीत. तिथे कापलेल्या कराचे क्रेडिट मिळवायला फॉर्म ६७ आणि ‘शेड्यूल एफएसआय’ व ‘टीआर’ भरावे लागतात. विनिमय दर दोन आहेत आणि इथे हमखास चुकते. उत्पन्नासाठी ३१ मार्चचा स्टेट बँकेचा टीटी खरेदी दर (बँक परकीय चलन विकत घेते तो दर) लागतो. परदेशी करासाठी, तो कापला त्याच्या आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा.

ऑनलाइन पैशांच्या खेळांवर २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने बंदी आली, त्याला २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्या वर्षात आधी खेळलेल्यांची जीत ११५बीबीजे खाली वेगळ्या ओळीत दाखवायची. तिथे निव्वळ जीत मोजतात: काढलेली रक्कम आणि वर्षअखेरची शिल्लक, यातून भरलेली रक्कम आणि सुरुवातीची शिल्लक वजा. ही पद्धत कॅसिनोच्या जितीला लावता येत नाही.

कागद किती वर्षे ठेवायचे

लपलेले उत्पन्न ५० लाख किंवा जास्त असल्याचा संशय असेल तर करनिर्धारण वर्ष (जिंकलेल्या आर्थिक वर्षाच्या पुढचे वर्ष) संपल्यापासून ५ वर्षे ३ महिन्यांपर्यंत नोटीस येऊ शकते, त्याखाली ३ वर्षे ३ महिन्यांपर्यंत. म्हणून करनिर्धारण वर्ष संपल्यापासून पूर्ण सहा वर्षे कागद ठेवावेत. कॅश काउंटरच्या पावत्या बहुधा थर्मल कागदावर असतात, वर्षभरात त्या कोऱ्या होतात. म्हणून घरी आल्याबरोबर प्रत्येक पावती स्कॅन करून तारीख आणि कंपनीच्या नावाने जतन करा. १६ए, त्या वर्षाचे २६एएस, बँकेचे स्टेटमेंट, चलन आणि रिटर्नची पोचपावती त्याच फोल्डरमध्ये ठेवा.